दोन रविवार डालग्याखाली

"पाय असे एका हातात धर, आणि दुसरा हात छातीखाली. उलटी लोंबकळवू नकोस, बाजारात चाललीय का ती?"

"अगं, मी काय आज पहिल्यांदा कोंबडी बघतेय?" जेंडेका म्हणाली. "सगळा जन्म तुझ्या शेजारी गेला माझा."

"म्हणून तर सांगतेय. सगळा जन्म बघतेय ना, तू कशी धरतेस ते."

जेंडेका हसली आणि तिने कोंबडी नीट धरली. मिनायोच्या परड्यात सकाळपासून बायकांची ये-जा चालली होती. येताना मोकळ्या हातांनी यायच्या आणि जाताना काखेत एकेक कोंबडी घेऊन जायच्या. विकत नाही, वाट्याने. कोंबडी मिनायोची, दाणापाणी नेणारीचं आणि पिल्लं निम्मी-निम्मी. शहाण्या बाईने आपल्या सगळ्या कोंबड्या एकाच परड्यात कधी ठेवू नयेत. वाऱ्याचे दिवस आले आणि मानमोडीची साथ फिरली की एका रात्रीत खुराडं रिकामं होतं. मग वाट्याने दिलेलीच कुठेतरी बी म्हणून उरते. हे मिनायोचं सांगणं होतं आणि सगळी टेकडी ते पाळत होती. आजवर ती दोन-चार कोंबड्या बाहेर ठेवायची. आज मात्र तिने एक सोडून सगळ्याच दिल्या.

कारण तिचे डोळे. गेल्या महिन्यात ती हातात काठी घेऊन पिल्लांपाशीच बसली होती. वरून काहीतरी आलं, तिला वाटलं कावळा. ती घार होती. तिच्या डोळ्यांदेखत, म्हणजे ज्यांना आता डोळे म्हणायचे त्यांच्यादेखत, घारीने दोनदा झडप घातली. पिल्लं तिने जांभळ्या रंगात बुडवून काढली होती, घारीला ओळखू येऊ नयेत म्हणून. घारीने ओळखली, मिनायोलाच घार ओळखता आली नाही. त्यानंतर चारच दिवसांनी ती झऱ्याच्या उतारावर हंड्यासकट पडली. जिला घार आणि कावळा यांतला फरक दिसत नाही तिने कोंबड्या पाळू नयेत, हेही ती दुसऱ्यांना सांगत आली होती.

"मग काय म्हणाली सून फोनवर?" जेंडेकाने कोंबडी काखेत घेतली आणि उंबऱ्यावर बसली. तिला जायची घाई नव्हती.

"या म्हणाली."

"या म्हणाली की राहायला या म्हणाली?"

"या म्हणाली." मिनायो सांडलेला मका गोळा करायला लागली. "आसावा म्हणाला, आई, मी महिन्यातले वीस दिवस ट्रकवर असतो, घर कवायाचं आहे. ती हो म्हणाली तर माझी ना नाही."

"म्हणजे लेकाने हात झटकले."

"खरं तेच बोलला गं तो. घर तिचंच आहे."

जेंडेकाने कोंबडी दुसऱ्या काखेत घेतली. मग म्हणाली, "ताटात कळेल तुला. संध्याकाळी कोंबडी कापली तर समज, सकाळी पिशवी भरायची. भाजी वाढली, तर पिशवी खुंटीला अडकव आणि चूल कुठाय विचार."

मिनायोला हे सांगायची गरज नव्हती. या टेकडीवर पाहुण्याला कोंबडी आणि घरच्याला भाजी हे लहान पोरालाही माहीत असतं. कुणी अचानक आलं की आधी परड्यात कोंबडीची ओरड होते, मग पाहुण्याला बसायला खुर्ची मिळते. रोज रोज ज्याला पालेभाजी मिळते तो घरचा.

"सुईणीला घेऊन जाणार आहे मी तिच्यासाठी," ती म्हणाली.

"सुईण? तुझी सुईण?" जेंडेकाचा आवाज चढला. "माझ्या बदकाची अंडी हिच्याखाली घातली तर तीही उबवली तिने! मला देशील म्हणून आशेवर होते मी, मेले."

"तुला दिली असती तर तू उलटीच धरली असतीस."

सुईण म्हणजे ठिपक्यांची, बुटकी, मिनायोची सगळ्यांत चांगली खुडूक. अंड्यांवर बसली की घर पेटलं तरी उठायची नाही. अशी कोंबडी कुणी विकत नाही आणि फुकट तर कुणीच देत नाही. मिनायो ती कवायाला देणार होती, कारण एका कोंबडीचं देणं तिच्याकडे सतरा वर्षं राहून गेलं होतं.

*

सतरा वर्षांपूर्वी कवाया लग्न होऊन आली तेही वाऱ्याचेच दिवस होते. नवी नवरी माहेराहून जिवंत कोंबडी आणते. ती कापायची नसते. ती सासरच्या परड्यात फिरते, अंडी घालते, पिल्लं काढते, आणि त्या पिल्लांना सुनेच्या नावाने ओळखतात. कवायाची कोंबडी लालभडक होती. नदीपलीकडच्या गावाहून ती मांडीवर घेऊन आली होती, पंखांवरून हात फिरवत. तिच्या आईने निवडून दिलेली, पहिल्याच अंड्यावर आलेली तलंग.

मिनायोने ती दोन्ही हातांनी घेतली, तोंडभर आभार मानले आणि सगळ्या वऱ्हाडादेखत सरळ परसात जाऊन केळीखाली बांबूच्या डालग्यात डालून टाकली. वर दगड ठेवला.

"आई, माझी कोंबडी?" संध्याकाळी कवायाने हळूच विचारलं होतं.

"डालग्याखाली आहे. नवं पाखरू दोन रविवार डालग्याखाली. बाहेरून आलेलं मी लगेच आपल्यात घेत नाही."

ते कोंबडीबद्दल होतं. मिनायोने पुढे कितीतरी वेळा स्वतःला सांगितलं की ते कोंबडीबद्दलच होतं. नियम खोटा नव्हता. बाहेरचं पाखरू अंगावर रोग घेऊन येतं आणि तो दिसायला वेळ लागतो. पण सुनेलाही तिने तेच केलं, हे तिला तेव्हा उमगलं नाही. चुलीपाशी येऊ दिलं नाही, गाईची धार काढू दिली नाही, "बघू अजून थोडे दिवस" म्हणत राहिली. पोरगी चांगली होती. तरी बघत राहिली.

तिसऱ्या दिवशी कवाया कोंबडीला पाणी ठेवून आली आणि म्हणाली, "आई, दुसरं डालगं आहे का घरात?"

"का? या डालग्याला काय झालंय? माझ्या मालकांच्या हातचं आहे ते."

कवाया खाली बघत म्हणाली, "नाही, सहज विचारलं."

"नव्या सुनेने सासूच्या परड्यात फार सहज विचारू नये."

अमुगुने, मिनायोचा नवरा, त्याच वर्षी गेला होता. डालगी विणण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. त्याने विणलेलं ते शेवटचं डालगं. लग्नाच्या महिनाभर आधी मिनायोने बाजारातून एक कबरा कोंबडा आणला होता आणि नेमाने याच डालग्याखाली ठेवला होता. कोंबडा मानमोडीने मेला. पाखरू मेलं की डालगं जाळायचं, हे तिने गावाला किती वेळा बजावलं असेल त्याला गणती नाही. पण हे डालगं जाळायला तिचा हात धजेना. तिने ते धुतलं, राख चोळली, उन्हात टाकलं आणि पुन्हा आढ्याला अडकवलं. एवढ्याने भागेल असं तिने स्वतःला पटवलं. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर तिने त्या बाईची चारचौघांत खरडपट्टी काढली असती.

दुसरा रविवार दोन दिवसांवर असताना लाल कोंबडीची मान पाठीवर वळली. हिरवी हगवण लागली आणि दुपारपर्यंत ती गेली. मिनायोने डालगं उचललं तेव्हा विणीत अडकलेलं कबरं पीस तिला दिसलं. त्या क्षणी तिला सगळं कळलं. कोंबडीने रोग आणला नव्हता. कोंबडीला रोग तिने दिला होता, नवऱ्याच्या आठवणीपायी.

तेव्हाच बोलली असती तर! पण बातमी तिच्या आधी धावली. "सुनेच्या माहेराहून मानमोडी आली होती बाई, पण मिनायोच्या नियमाने तिथल्या तिथे थोपवली," अशी. चर्चच्या आवारात बायका तिच्याभोवती जमल्या. कुणी हात हातात घेतला, कुणी म्हणालं, तुझ्यामुळे आमची पाखरं वाचली. त्या गर्दीत खरं सांगायला जीभ उचलेना. आणि खोटं कशाला सांगायचं, ते कौतुक तिला गोडही लागलं.

त्याच रविवारी दुपारी कवायाची आई लेकीला बघायला आली. नवा रुमाल डोक्याला बांधून, हातात केळ्यांचा घड घेऊन ती टेकडी चढत होती. ती जसजशी पुढे येई तसतशी रस्त्यालगतच्या परड्यांतून "कुक कुक" करून बायका आपापल्या कोंबड्या घरात घेत होत्या. दारं लावत होत्या. मिनायो आपल्या अंगणातून हे बघत होती. तिने विहिणीला चहा दिला, भुईमुगाचे दाणे दिले, पिकापाण्याचं विचारलं. ज्या एका गोष्टीवर बोलायला हवं होतं तेवढी सोडून सगळ्यावर बोलली. विहीण चहा संपवून गेली ती पुन्हा त्या टेकडीवर आली नाही. पुढे आसावाला एल्डोरेट शहरात ट्रकची नोकरी लागली आणि कवाया त्याच्याबरोबर गेली. वर्षाकाठी नाताळात दोघं यायची, एक रात्र राहायची. कवाया सासूशी कधी वाकडं बोलली नाही. सरळही फारसं नाही.

*

एल्डोरेटच्या गाडीत चौदा जणांच्या जागेत वीस जण होते आणि एकविसावी सुईण. तिला मिनायोने पिशवीत बसवून फक्त मान बाहेर ठेवली होती.

"आजीबाई, हिचं तिकीट?" कंडक्टर म्हणाला.

"ती माझ्या मांडीवर बसलीय. तू बसतोस का? तुझंही तिकीट लागणार नाही."

गाडीतले लोक हसले. कंडक्टरही हसला आणि त्याने तिची दुसरी पिशवी पायांखालून नीट सरकवून दिली. मिनायोला वाटलं, चांगला शकुन आहे. वाटभर ती सुईणीच्या पाठीवर हात ठेवून बसली होती. चढ लागला, हवा गार झाली, तशी सुईण तिच्या ओंजळीत अंग चोरून बसली. काय बोलायचं ते मिनायो मनात जुळवत होती. आधी कोंबडी द्यायची. मग म्हणायचं, ही तुझ्या लाल कोंबडीची भरपाई नव्हे, तिची भरपाई होत नाही, पण तुला एक गोष्ट सांगायची आहे. पुढचं वाक्य काही केल्या जुळत नव्हतं.

कवाया थांब्यावर घ्यायला आली होती. अंगाने भरली होती, केसांत पांढरं दिसत होतं. तिने वाकून दोन्ही हातांनी सासूचा हात धरला, पिशवी घेतली.

"प्रवास बरा झाला ना, आई? चहाला थांबली होती का गाडी?"

"बरा झाला. ही तुझ्यासाठी आणलीय. सुईण म्हणतो आम्ही हिला. अशी खुडूक मी दुसरी पाहिली नाही."

कवायाने कोंबडी घेतली. एका हातात पाय, दुसरा हात छातीखाली. तिने डोळे पाहिले, चोच उघडून पाहिली, शेपटीखालची पिसं फुंकर मारून पाहिली. मिनायो स्वतः जसं बघते तसंच, त्याच क्रमाने.

"सुंदर आहे," ती म्हणाली. "आभारी आहे, आई."

घराभोवती परडं होतं, ते बघून मिनायो चकित झाली. डोळे कितीही अधू असले तरी चांगलं खुराडं तिला वासावरून कळतं. घाणीचा वास नव्हता, राखेचा होता. कोंबड्यांना लोळायला राखेचा खड्डा होता. पाण्यात कोरफड ठेचून घातली होती. कोपऱ्यात शेण आणि गवत घालून उपडं मडकं ठेवलं होतं, त्याखाली वाळवी धरली की पिल्लांना मेजवानी. घरट्यांत तंबाखूची पानं होती, पिसवा होऊ नयेत म्हणून. हे सगळं तिच्याच परड्यातलं होतं. सुनेला तिने यातलं काहीच शिकवलं नव्हतं. पोरीने नुसतं बघून उचललं होतं.

कवाया सुईणीला घेऊन परसाच्या टोकाला गेली. तिथे एक कोरं डालगं होतं, बांबू अजून हिरवट. तिने सुईणीला त्याखाली सोडलं, पाणी ठेवलं, वर दगड ठेवला.

"दोन रविवार," कवाया म्हणाली. "मग सोडते इतरांत."

"हो, बरोबर आहे," मिनायो म्हणाली. "वाऱ्याचे दिवस आहेत."

"डालगं मी दरवेळी नवं घेते. जुनं जाळून टाकते." कवायाने हात झटकले. "कितीही चांगलं असलं, कुणाच्याही हातचं असलं, तरी."

जवळ बाक होता, त्यावर मिनायो बसली. कोंबडं झाकलं तरी तांबडं फुटायचं राहत नाही, एवढं तर कोंबड्यांत जन्म काढलेल्या बाईला ठाऊक असायला हवं होतं.

इतक्यात कुंपणाच्या पलीकडून एक शेजारीण डोकावली. "कवायाताई, माझी बया अंड्यांवर बसतच नाही हो. सकाळी बसवली की दुपारी उठते."

"सकाळी बसवूच नका. अंधार पडल्यावर बसवा. आणि आधी दोन दिवस खोटी अंडी द्या, ती टिकली तरच खरी घाला."

"तुम्हाला बरं सगळं माहीत असतं."

"माझं नाही ते. माझ्या सासूबाईंचं आहे. या काय, बसल्यात इथे."

शेजारणीने मिनायोला कमरेत वाकून नमस्कार केला. म्हणाली, "रोज तुमचं नाव निघतं हो इथे." मिनायोच्या मनात एकदम आशा पालवली. जी पोर आपलं नाव घेते, आपल्या रीतीने परडं चालवते, तिने आपल्याला टाकलेलं नसणार. एका बाजूला उन्हात बाक, शेजारी पिल्लं. घार दिसली नाही तरी कोंबड्यांच्या ओरडण्यावरून कळेल. एवढं काम आपल्याला अजून जमेल असं तिला वाटलं. शेजारीण गेली आणि मिनायोने सगळं बळ एकवटलं.

"कवाया, ती लाल कोंबडी. तिला तुझ्या माहेराहून काही आलं नव्हतं गं. माझंच डालगं…"

"मला माहीत आहे, आई."

कवाया तांदळातले खडे निवडावेत तशी मक्यातले खडे निवडत होती. तिने मान वर केली नाही.

"माझी कोंबडी लाल होती. विणीत कबरं पीस होतं आणि वाळलेली हिरवी घाण. तिसऱ्या दिवशी दिसलं मला. म्हणून तर दुसरं डालगं मागितलं होतं तुमच्याकडे."

मिनायोला ते वाक्य आठवलं. आपण दिलेलं उत्तरही आठवलं.

"मग तू बोलली का नाहीस? नंतर तरी?"

"मी कशी बोलणार? तेव्हा मीही डालग्याखालीच होते ना." कवायाच्या आवाजात राग नव्हता, तो असता तर मिनायोला बरं वाटलं असतं. "मी तुमची वाट बघत होते. मला वाटलं, माझी आई येईल तेव्हा सांगाल. तुम्ही चहा दिलात."

"चुकलं माझं."

"घरी परत गेली तेव्हा ती वडलांना म्हणाली, मला बघून बायकांनी कोंबड्या आत घेतल्या. पुढे आजारी पडली तेव्हाही तेच आठवायची. मी सांगायची, आई, आपली कोंबडी निरोगी होती. ती म्हणायची, तू लेक आहेस, तू म्हणणारच. तुमच्या तोंडून एक शब्द गेला असता तर तिने मानलं असतं. शेवटपर्यंत वाट बघितली मी, आई. ती गेली, मग सोडून दिलं."

"मी आता सांगते. गावात सांगते, सगळ्यांसमोर, चर्चमध्ये उभी राहून…"

"सांगा ना. सांगायलाच हवं." कवायाने निवडलेला मका भांड्यात ओतला. "पण ऐकायची ती होती."

मग तिने सासूच्या खांद्यावर शाल घातली, कारण ऊन उतरलं होतं आणि वारा बोचत होता. "डोळ्यांचं मी दवाखान्यात विचारलंय," ती म्हणाली. "आसावा आला की तुम्हाला गावाहून घेऊन जाईल. ऑपरेशन करून घ्या. खर्चाची काळजी करू नका. जेंडेकाकाकूंना सांगून ठेवते, पाणी भरायला एक बाई लावू." सगळं तिने बोलून ठरवलं होतं. त्यात गाव होतं, जेंडेका होती, पाण्याची बाई होती. परसातला बाक नव्हता.

आणि थोड्या वेळाने परड्यात कोंबडीची ओरड झाली.

मिनायो बाकावरच बसून होती. ओरडीवरूनच तिला कळलं की कोंबडी कोवळी आहे, चांगली जातिवंत आहे, अंड्यावर आलेली असावी. अशी कोंबडी कापायला जीव होत नाही. कवायाने मोडकीतोडकी म्हातारी निवडली नव्हती. मान ठेवायचा तर पुरता ठेवायचा, ही तिच्या आईचीच रीत असणार.

रात्री कवायाने सासूच्या हातांवर पाणी घातलं. मक्याच्या पिठाची उगाली वाफाळत होती, रस्सा दाट होता. बाजूच्या वाटीत वेगळा काढलेला पोटा होता. कोंबडीच्या पोटातली ती दाणे दळणारी पिशवी घरच्या कर्त्याला मिळते, नाहीतर फार मोठ्या पाहुण्याला. मिनायोच्या तरुणपणी तर बायका कोंबडी खातच नसत. पाळायची बाईने आणि खायची बाप्याने. तिने हयातभर पोटा दुसऱ्यांच्या ताटात वाढला होता, अमुगुनेच्या, दिराच्या, पाद्र्याच्या. तिच्या स्वतःच्या ताटात तो आज पहिल्यांदा आला.

चुलीच्या बाजूला कवायाने स्वतःपुरती भाजी वाढून घेतली होती. हिरव्या पानांची, दूध घालून शिजवलेली. तिचा वास मिनायोपर्यंत येत होता.

"घ्या, आई. गार होतंय."

"मला थोडी भाजी दिलीस तरी चालेल गं."

कवायाने पळीने रस्सा ढवळला. मग म्हणाली, "तुम्ही इतक्या लांबून आलात. भाजी कशी वाढू तुम्हाला?"

मान नाकारता येत नाही. मिनायोने पोटा उचलला आणि सावकाश चावून खाल्ला. चांगला शिजला होता. तिने तसं सांगितलं. कवाया म्हणाली, अजून रस्सा घ्या. तिने घेतला.

*

सकाळी निघताना मिनायो परसाच्या टोकाला गेली. कवाया पाण्याची वाटी बदलत होती. डालग्याच्या फटीतून सुईणीने मान बाहेर काढली आणि ओळखीचा आवाज काढला.

"दगड जरा अलीकडे घे," मिनायो म्हणाली. "मुंगूस या बाजूने उचकटतं."

कवायाने दगड सरकवला.

"बसायला लागली की तिला हलवू नकोस. एकदा जागा आपली म्हटली की ती सोडत नाही."

"नाही हलवणार. दुसऱ्या रविवारी सोडेन आणि तुम्हाला फोन करेन, सोडली म्हणून."

"कर."

पाहुण्याला रिकाम्या हाताने धाडत नाहीत. कवायाने साखर, चहा आणि एक नवं लुगड्यासारखं कापड पिशवीत बांधून दिलं, थांब्यापर्यंत सोबत आली, खिडकीजवळची जागा मिळवून दिली. गाडी हलेपर्यंत ती उभी राहिली आणि गाडी हलल्यावर तिने हात केला. तिने रुमाल डोळ्यांना लावला की केस सारखे केले, ते मिनायोला नीट दिसलं नाही.

"आजीबाई, पिशवी वर टाकतो," कंडक्टर म्हणाला आणि त्याने साखरेची पिशवी टपावर दिली. कालचाच होता. "आणि कालची प्रवासी कुठाय? उतरली?"

"तिला घर मिळालं," मिनायो म्हणाली.

उतार लागला. शेजारी बसलेल्या बाईने तिला विचारलं, आजी, तुमचं काही खाली पडलंय का? कारण मिनायोचे दोन्ही हात मांडीवर तसेच होते, एक खाली आणि एक वर, मध्ये कोंबडीएवढी जागा सोडून.